मुंबई बंदराभोवतीचा वर्तुळमार्ग

मुंबई बंदराभोवतीचा वर्तुळमार्ग : मुंबई शहराचा पूर्व किनारा, नवी मुंबई आणि रायगड जिल्ह्यातील पनवेल व उरण हे तालुके यांना जोडून मुंबई बंदराच्या उत्तर भागास व ठाणे खाडीच्या मुखाकडील भागास वेढणारी महामार्गांची साखळी. या नावाचा एकच रस्ता शासकीय नोंदीत नाही. शीव–पनवेल महामार्ग, पनवेल शहराबाहेरून जाणारा पुणे महामार्गाचा भाग, पळस्पे ते न्हावा शेवा हा बंदर महामार्ग, शिवडी–न्हावा शेवा अटल सेतू आणि मुंबईतील पूर्व मुक्तमार्ग हे रस्ते निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या संस्थांनी व निरनिराळ्या हेतूंनी बांधले. ते एकमेकांस मिळत गेल्याने हे वर्तुळ तयार झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि वर्तुळातील अखेरची तूट भरून निघाली. त्याचा सर्वांत अलीकडे घडलेला व सर्वाधिक वादाचा विषय झालेला भाग रायगड जिल्ह्याच्या उत्तर किनाऱ्यावर आहे.

मोठ्या शहराच्या मध्यभागातून जाण्याची गरज नसलेली वाहने बाहेरच्या बाहेर वळविणे आणि शहरातून निघणारे अरीय रस्ते परस्परांस जोडणे, हे वर्तुळमार्गाचे सर्वसाधारण हेतू होत. सपाट प्रदेशातील शहरांभोवती असे मार्ग बऱ्याच अंशी एकाच आराखड्यानुसार बांधता येतात. लंडनभोवतीचा १८८ किमी. लांबीचा एम २५ हा मार्ग १९८६ मध्ये पूर्ण झाला, तो या प्रकारचा होय. मुंबईसारख्या सागरवेष्टित शहरात मात्र वर्तुळाच्या मध्यभागी शहर नसून पाणी असते. जपानमध्ये टोकिओ उपसागराच्या दोन्ही काठांना जोडणारा, काही अंतर बोगद्यातून व काही अंतर पुलावरून जाणारा सु. १५ किमी. लांबीचा मार्ग १९९७ मध्ये खुला झाला, तेव्हा तेथेही असेच वर्तुळ पुरे झाले. मुंबई बंदराभोवतीचा मार्ग याच वर्गात मोडतो.

भूरचना : मुंबई व साष्टी ही बेटे एका बाजूस आणि कोकणची मुख्यभूमी दुसऱ्या बाजूस, यांच्या दरम्यान मुंबई बंदराचा विस्तीर्ण जलाशय पसरला आहे. उत्तरेकडे तो निमुळता होत जाऊन ठाणे खाडी बनतो. पूर्वेकडून पनवेलची खाडी त्यास येऊन मिळते. दक्षिणेस करंजाजवळ धरमतरची खाडी समुद्रास मिळते. पनवेल व धरमतर या दोन खाड्यांमधील भूभागात उरण तालुका येतो. न्हावा, शेवा व उरण हे भाग पूर्वी खाड्यांनी व दलदलीने मुख्यभूमीपासून तुटलेले होते. घारापुरीचे बेटही उरण तालुक्यातच मोडते.

या किनाऱ्याची जमीन तीन प्रकारची आहे. भरतीचे पाणी जेथे रोज येते, ती तिवरांची खाजणे, बांध घालून व उघाड्या बसवून समुद्रापासून सोडविलेली खारभूमी, जीत पावसाळी भाताचे पीक घेतात, आणि मिठागरे. या सखल पट्ट्यातून मधूनमधून काळ्या बेसाल्टच्या टेकड्या वर आलेल्या आहेत. उरणजवळचा द्रोणागिरी डोंगर ही त्यांपैकी ठळक टेकडी होय. आगरी, कोळी व कराडी समाजांची गावे बहुधा टेकड्यांच्या पायथ्याशी किंवा उंचवट्यांवर वसलेली असून त्यांची शेते, मिठागरे व मासेमारीची पाणथळे भोवतालच्या सखल भागात होती. रुंद, सरळ रस्त्यासाठी लागणारी मोकळी जागा हीच असल्याने वर्तुळमार्गाचा पूर्वेकडील बराच भाग या जमिनीवरून गेला.

पूर्वेतिहास : मुंबईहून दक्षिणेत व दख्खनमध्ये जाण्याचा जुना मार्ग जलमार्गच होता. प्रवासी व माल नावेने पनवेलच्या बंदरात उतरत आणि तेथून बोरघाटाची वाट धरीत. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाल्यावर पनवेलचे महत्त्व वाढले. १८५२ मध्ये तेथे नगरपालिका स्थापन झाली. लोहमार्ग १८५३ मध्ये मुंबईहून ठाण्यापर्यंत व १८५४ मध्ये खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेला आणि पुढे बोरघाटातून पुण्याशी जोडला गेला, तेव्हा पनवेल बंदराचा व्यापार ओसरला.

शीव येथील बांधरस्त्याने मुंबई व साष्टी ही बेटे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच जोडली गेली होती. साष्टी आणि मुख्यभूमी यांच्यामध्ये मात्र खाडी होती. तिची रुंदी ठाण्याजवळ सर्वांत कमी असल्यामुळे रस्ताही तेथूनच ओलांडून नेण्यात आला. मुंबईहून मोटारीने पनवेलला जावयाचे, तर प्रथम उत्तरेस ठाणे गाठावयाचे, खाडी ओलांडून मुंब्रा व शीळ यांवरून पुन्हा दक्षिणेस वळावयाचे, असा हा वळसा होता. मुंबईच्या धक्क्यावरून डोळ्यांना दिसणारा उरणचा किनारा रस्त्याने त्याहूनही दूर पडे. त्यामुळे उरणचे रहिवासी मुंबईस जाण्यासाठी मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याकडे जाणाऱ्या होड्यांवर व पुढे लाँचसेवेवर अवलंबून राहिले. पावसाळ्यातील खवळलेले पाणी आणि ओहोटीच्या वेळचा गाळ यांमुळे या वाहतुकीत वारंवार खंड पडे.

वर्तुळाची उभारणी : दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईची लोकसंख्या झपाट्याने वाढली आणि शहराची वाढ खाडीपलीकडे न्यावी, हा विचार बळावला. १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार संस्थेने मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास केला. बंदरावरून मुख्यभूमीकडे जाणाऱ्या पुलाची कल्पना त्या काळापासून चर्चेत आहे. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या वास्तुशिल्पी व अभियंत्यांनी बंदराच्या पूर्व किनाऱ्यावर नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही मुख्यभूमीवरील विकासाचा पुरस्कार केला. १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळ (सिडको) स्थापन झाले. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांचे सु. ३४४ चौ. किमी. क्षेत्र निश्चित करण्यात आले.

वर्तुळाचा पहिला निर्णायक दुवा म्हणजे मानखुर्द व वाशी यांमधील ठाणे खाडी पूल. तो १९७३ मध्ये खुला झाला आणि ठाण्याचा वळसा प्रथमच टळला. मुंबई–पुणे व मुंबई–गोवा या महामार्गांवरील वाहने शीव–पनवेल मार्गाने येऊ लागली. खाऱ्या हवेने पुलाच्या काँक्रीटमधील पोलादी तणावतारांना गंज चढला व त्यावरील जड वाहतुकीवर मर्यादा आल्या. त्याच्या शेजारी बांधलेला दुसरा पूल १९९७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. तत्पूर्वी १९९२ मध्ये मानखुर्द–वाशी लोहमार्ग सुरू झाला होता. उत्तरेकडे ऐरोली येथील पूल १९९९ मध्ये झाला. शीव–पनवेल महामार्गाचे रुंदीकरण २०१४ मध्ये पूर्ण करण्यात आले. वाशीजवळच तिसऱ्या खाडी पुलाची एक बाजू २०२४ मध्ये व दुसरी २०२५ मध्ये खुली झाली.

दुसरा दुवा बंदरामुळे निर्माण झाला. मुंबईच्या जुन्या गोद्यांवरील ताण कमी करण्यासाठी न्हावा शेवा येथे उभारलेले जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. या बंदरात उतरणारा माल मुंबई शहरात न नेता थेट देशाच्या अंतर्भागाकडे पाठविण्यासाठी पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यापासून बंदरापर्यंत सु. २७ किमी. लांबीचा महामार्ग करण्यात आला. तो प्रथम राष्ट्रीय महामार्ग ४ ब या क्रमांकाने ओळखला जाई. नव्या क्रमांकपद्धतीत त्यास ३४८ हा क्रमांक मिळाला. याला पूरक म्हणून गव्हाण फाट्यापासून पनवेल खाडी ओलांडून बेलापूरच्या किल्ल्याजवळून उरण फाट्यास, म्हणजे शीव–पनवेल महामार्गास, मिळणारा आम्र मार्ग विकसित झाला. त्याचा क्रमांक ३४८ अ असा आहे. हे दोन मार्ग व जासई भागातून जाणारा राज्य महामार्ग ५४ यांची एकत्रित लांबी सु. ४४ किमी. भरते. त्यांच्या सुधारणेसाठी भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, बंदर व सिडको यांच्या सहभागाने स्वतंत्र कंपनी स्थापन करण्यात आली. हे रस्ते आधी चौपदरी व नंतर सहा ते आठ पदरी करण्यात आले. अशा रीतीने बंदराच्या पूर्व काठावर पनवेल, गव्हाण व बेलापूर यांना गुंफणारे एक लहान वर्तुळ मोठ्या वर्तुळाच्या आधीच तयार झाले.

तिसरा दुवा मुंबई शहरातील आहे. दक्षिण मुंबईतील ऑरेंज गेटपासून बंदराच्या जमिनीलगत उत्तरेस जाणाऱ्या पूर्व मुक्तमार्गाचा पहिला टप्पा जून २०१३ मध्ये व पुढील टप्पा जून २०१४ मध्ये खुला झाला. या सु. १७ किमी. लांबीच्या मार्गामुळे शिवडी व मानखुर्द यांमध्ये शहरातील चौक टाळून जाणारी वाट मिळाली.

अटल सेतू : बंदरावरील पुलाची कल्पना प्रत्यक्षात येण्यास सु. सहा दशके लागली. खर्चाची तरतूद, पुलाची जागा, तो बांधणारी संस्था आणि खाजगी गुंतवणुकीच्या अटी यांविषयी एकमत न झाल्याने योजना अनेकदा मागे पडली. २००४ नंतरच्या काळात खाजगी सहभागाने पूल बांधण्यासाठी काढलेल्या निविदांतूनही काही निष्पन्न झाले नाही. अखेर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने जपान आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेच्या कर्जाच्या साहाय्याने हे काम हाती घेतले. डिसेंबर २०१६ मध्ये भूमिपूजन झाले व २०१८ मध्ये प्रत्यक्ष बांधकामास आरंभ झाला. प्रकल्पाचा खर्च सु. १७,८४० कोटी रु. सांगितला जातो. माजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे नाव त्यास देण्यात आले.

सेतूची एकूण लांबी सु. २१.८ किमी. असून त्यापैकी सु. १६.५ किमी. भाग पाण्यावर आहे. तो सहापदरी आहे. बहुतांश भाग पूर्वप्रतिबलित काँक्रीटचा असला, तरी जलवाहतुकीसाठी मोकळी जागा ठेवणे आवश्यक होते, तसेच समुद्रतळाखालून वाहिन्या गेल्या होत्या, अशा ठिकाणी स्तंभांमधील अंतर वाढवून पोलादी पेटीच्या आकाराचे गाळे वापरले आहेत. त्यांपैकी सर्वांत लांब गाळा १८० मी. आहे. या गाळ्यांत रस्त्याची पाटी व तुळई ही दोन्ही पोलादाचीच व एकसंध असतात. त्यामुळे गाळा काँक्रीटच्या मानाने हलका राहून लांब अंतर पार करू शकतो. असे गाळे किनाऱ्यावर जुळवून भरतीच्या वेळा पाहून बार्जमधून जागेवर नेण्यात आले.

मार्ग : वर्तुळाचा प्रारंभ शिवडी येथून धरल्यास वाहन प्रथम अटल सेतूने आग्नेयीस व पूर्वेस जाते. रायगडच्या किनाऱ्यावर सेतूस तीन ठिकाणी उतार आहेत : उलवे परिसरातील शिवाजीनगर, जासईजवळ राज्य महामार्ग ५४ वर आणि चिर्ले येथे राष्ट्रीय महामार्ग ३४८ वर. चिर्ले येथून बंदर महामार्गाने उजवीकडे गेल्यास करळ फाटा व न्हावा शेवा बंदर लागते, तर डावीकडे गेल्यास गव्हाण फाट्यावरून पळस्पे गाठता येते. पळस्पे हे वर्तुळाचे आग्नेय टोक होय. मुंबई–गोवा महामार्ग (राष्ट्रीय महामार्ग ६६, पूर्वीचा १७) येथूनच दक्षिणेस फुटतो. पुढे मार्ग पनवेल शहराबाहेरून गाढी नदी ओलांडून वायव्येस कळंबोलीस येतो. येथे सु. ९४ किमी. लांबीचा व २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो, तसेच शीळ–मुंब्र्याकडून येणारा जुना मार्गही मिळतो. त्यानंतर कामोठे, खारघर, बेलापूर, नेरूळ, सानपाडा व वाशी ही उपनगरे मागे टाकून शीव–पनवेल महामार्ग खाडी पुलावर चढतो आणि मानखुर्दला उतरतो. तेथून पूर्व मुक्तमार्गाने पुन्हा शिवडीस येता येते. ज्यांना पळस्पेपर्यंत जावयाचे नाही, त्यांना गव्हाण फाट्यावरून आम्र मार्गाने हे वर्तुळ आखूड करता येते.

बांधणीतील प्रश्न : या किनाऱ्यावरील खाजणांखाली समुद्री चिकणमातीचे जाड थर आहेत. ही माती पाण्याने संपृक्त व अतिशय मऊ असते. तिच्यावर मुरमाचा भराव टाकल्यास मातीतील पाणी हळूहळू बाहेर पडते आणि भराव वर्षानुवर्षे खचत राहतो. यावर उपाय म्हणून मातीत उभ्या निचरापट्ट्या खोलवर बसवितात व वर जादा भार देऊन ठेवतात. त्यायोगे पाणी लवकर निघून जाऊन बराचसा खचाव रस्ता बांधण्यापूर्वीच पूर्ण होतो. पूल व उड्डाणमार्ग यांचा पाया खालच्या बेसाल्टपर्यंत नेलेल्या खांबांवर ठेवतात. यामुळे खांबांवरील पूल स्थिर राहतो, पण त्याला जोडणारा भराव खचत जातो आणि दोहोंच्या सांध्याशी रस्त्यास पायरी पडते. अवजड वाहनांच्या रस्त्यांवर हा दोष विशेष जाणवतो. खाऱ्या हवेमुळे पोलादास गंज चढणे हा दुसरा कायमचा प्रश्न असून पहिल्या खाडी पुलाच्या अनुभवानंतर काँक्रीटची घनता व पोलादावरील संरक्षक थर यांकडे अधिक लक्ष दिले जाऊ लागले.

भरावाचा आणखी एक परिणाम पाण्याच्या वाटांवर होतो. खारभूमीतील शेती भरतीचे पाणी बाहेर ठेवणे व पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी उघाड्यांतून सोडणे या दुहेरी व्यवस्थेवर चालते. उंच रस्ता खाडीच्या फाट्यांना आडवा गेला आणि त्याखालील मोऱ्या अपुऱ्या पडल्या, तर पावसाचे पाणी गावाच्या बाजूस तुंबते. बांधांची व उघाड्यांची देखभाल पूर्वी शेतकरी सामुदायिकरीत्या करीत. जमीन संपादित होऊन शेती थांबली, की ही देखभालही थांबते व शिल्लक राहिलेली शेते खाऱ्या पाण्याखाली जाण्याचा धोका वाढतो.

वाहतूक : वर्तुळाच्या दोन अर्धांवरील वाहतुकीचे स्वरूप अगदी भिन्न आहे. पश्चिम व उत्तर भागांत मोटारी व प्रवासी बसगाड्या यांचे प्रमाण मोठे आहे. उरण–पनवेल भागात कंटेनर वाहून नेणाऱ्या लांब वाहनांचे वर्चस्व आहे. वीस फुटी पेटी हे एकक धरले, तर २०२४–२५ या वर्षी न्हावा शेवा बंदराने ७० लाखांहून अधिक पेट्यांची चढउतार केली. यांपैकी काही लोहमार्गाने जातात. उरलेल्यांचा भार रस्त्यांवर पडतो. बंदराच्या परिसरातील कंटेनर साठवण्याची आगारे रस्त्यालगत व गावांलगत पसरलेली असल्याने रिकाम्या व भरलेल्या वाहनांच्या फेऱ्या सतत चालू असतात. करळ व गव्हाण या फाट्यांवरील कोंडी आणि रस्त्याच्या कडेस उभी केलेली वाहने यांमुळे होणारे अपघात ही येथील रहिवाशांची जुनी तक्रार होती. उड्डाणमार्ग झाल्यावर काही फाट्यांवरील कोंडी कमी झाली.

अटल सेतूवर मोटारींस ताशी १०० किमी. ही वेगमर्यादा असून दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर व बैलगाड्या यांना मनाई आहे. उद्घाटनाच्या वेळी मोटारीसाठी एका फेरीचा पथकर २५० रु. ठेवण्यात आला. शिवडीहून चिर्लेपर्यंतचे अंतर सेतूवरून सु. २० मिनिटांत तुटते. परंतु दुचाकी हेच ज्यांचे वाहन आहे अशा उरण भागातील नोकरदारास अथवा मासेविक्रेत्यास मुंबईस जाण्यासाठी अद्याप वाशीचा वळसा, मोऱ्याची लाँच किंवा रेल्वे यांपैकीच एक मार्ग निवडावा लागतो. त्यांच्या दृष्टीने सेतूच्या दिवशीच, १२ जानेवारी २०२४ रोजी, झालेले दुसरे उद्घाटन अधिक महत्त्वाचे ठरले. ते म्हणजे खारकोपर–उरण या लोहमार्गाचे. नेरूळ व बेलापूरकडून खारकोपरपर्यंतचा टप्पा त्याआधी २०१८ मध्ये सुरू झाला होता.

भूसंपादन व आंदोलन : वर्तुळमार्गाचा पूर्व भाग ज्या जमिनीवर उभा आहे, ती प्रामुख्याने नव्या शहरासाठी व बंदरासाठी संपादित झालेली जमीन होय. या संपादनास सत्तरीच्या दशकापासून विरोध होता. जमिनीचा मोबदला अल्प आहे आणि शहराच्या वाढीतून जमिनीस येणाऱ्या मूल्यात मूळ धारकास वाटा नाही, हे त्याचे मुख्य कारण होते. जासईचे रहिवासी व शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांनी या आंदोलनाचे नेतृत्व केले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासईजवळील दास्तान फाटा व नवघर–पागोटे या ठिकाणी पोलिसांनी केलेल्या गोळीबारात पाच आंदोलक मरण पावले. दरवर्षी या दिवशी तेथे त्यांना अभिवादन करण्यात येते. ही ठिकाणे आजच्या बंदर रस्त्यांच्या परिसरातच आहेत.

या आंदोलनातून पुढे आलेले तत्त्व असे, की संपादित जमिनीचा काही हिस्सा विकसित भूखंडाच्या रूपाने मूळ धारकास परत मिळावा. नवी मुंबईत साडेबारा टक्के योजना या नावाने ते १९९० मध्ये स्वीकारण्यात आले. सार्वजनिक सुविधांसाठी होणारी कपात वजा जाता धारकाच्या हाती प्रत्यक्षात पावणेनऊ टक्के क्षेत्र येते. भूखंडवाटपास झालेला विलंब, वारसांतील वाद आणि मिळणारे भूखंड विकसकांच्या हाती जाणे या त्यातील उणिवा होत. तरीही भूसंपादनाच्या इतिहासात या योजनेचे महत्त्व मोठे आहे, कारण रस्ता व शहर यांमुळे वाढणारे मूल्य ही केवळ संपादन करणाऱ्याची मिळकत नव्हे, हे तिने मान्य केले. उलवे परिसरातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी दहा वस्त्या हलविण्यात आल्या, तेव्हा विकसित भूखंडाचे हे प्रमाण साडेबावीस टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आले. दि. बा. पाटील २०१३ मध्ये निधन पावले. विमानतळास त्यांचे नाव द्यावे, या मागणीसाठी २०२१ मध्ये भूमिपुत्रांनी मोठी आंदोलने केली व पुढे राज्य शासनाने तसा प्रस्ताव संमत केला. विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले.

ज्यांची उपजीविका जमिनीवर नव्हे तर पाण्यावर होती, त्यांचा प्रश्न अधिक अवघड ठरला. सातबाराच्या उताऱ्यावर खाडीची नोंद नसते. त्यामुळे मच्छीमाराच्या हक्काचे मोजमाप करण्यास प्रचलित कायद्यात साधन नव्हते. शेवा येथील जुन्या कोळीवाड्याचे बंदरासाठी पुनर्वसन झाले, त्यासंबंधीच्या तक्रारी अनेक दशके चालू राहिल्या. बंदराच्या विस्तारामुळे मासेमारी गमावलेल्या १,६३० कुटुंबांना सु. ९५ कोटी रु. भरपाई द्यावी, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दिला. अटल सेतूच्या बांधकामाच्या वेळी बाधित मच्छीमारांच्या भरपाईसाठी स्वतंत्र धोरण आखावे लागले, ते याच अनुभवानंतर.

पर्यावरण : शिवडीचा चिखलपट्टा व ठाणे खाडी येथे हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे मोठे थवे उतरतात. ठाणे खाडीतील क्षेत्र २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाले व २०२२ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश झाला. सेतूचा प्रारंभ या पट्ट्यातून होत असल्याने तेथे ध्वनिरोधक भिंती बसविण्यात आल्या. उरण तालुक्यातील भरतीच्या पाणथळ जागा हीदेखील स्थलांतरित पक्ष्यांची आश्रयस्थाने आहेत. बंदर, आगारे व रस्ते यांच्या भरावांमुळे त्यांचे क्षेत्र घटले असून त्यांपैकी काही जागांच्या रक्षणासाठी न्यायालयीन लढे झाले आहेत. तिवरांचा पट्टा नष्ट झाल्यास लाटांचा व उधाणाचा मारा सरळ बांधांवर येतो. पक्ष्यांप्रमाणेच किनाऱ्यावरील गावांच्या सुरक्षिततेशीही हा प्रश्न निगडित आहे.

विस्तार : या वर्तुळाबाहेरून जाणारे आणखी मोठे वर्तुळ नियोजित आहे. वसईजवळील नवघरपासून भिवंडी, कल्याण, पनवेल, उरण व पेण या तालुक्यांतून अलिबागपर्यंत जाणारा विरार–अलिबाग बहुउद्देशीय मार्ग सु. १२६ किमी. लांबीचा असून त्याच्या पहिल्या टप्प्याचे दक्षिण टोक पेण तालुक्यातील बलवली येथे आखलेले आहे. दक्षिणेकडे करंजा व रेवस यांच्या दरम्यान धरमतर खाडीवरील पुलाची मागणी ऐंशीच्या दशकापासूनची आहे. तो पूल रेवस–रेडी सागरी महामार्गाचा आरंभ होय. तो पूर्ण झाल्यावर बंदराभोवतीचे वर्तुळ अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन या तालुक्यांच्या किनाऱ्याशी थेट जोडले जाईल.

या विस्तारामुळे अलिबाग व पेण तालुक्यांतील खारभूमीस लागू होणारे प्रश्न उरण व पनवेलने यापूर्वीच अनुभवलेले आहेत. रस्त्याखालील मोऱ्या किती रुंद ठेवावयाच्या, गावांतील लोकांनी व दुचाकींनी महामार्ग कोठून ओलांडावयाचा, जमिनीच्या वाढत्या मूल्यात मूळ धारकास किती वाटा द्यावयाचा आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या मच्छीमाराची गणना कशी करावयाची, हे ते प्रश्न होत. उरण–पनवेल भागात त्यांची उत्तरे रस्ता झाल्यानंतर, आंदोलनांतून व न्यायालयांतून मिळविण्यात आली. नव्या मार्गांच्या आखणीत ती आधी दिली जातात किंवा नाही, यावर या किनाऱ्यास वर्तुळमार्गाचा लाभ किती होतो हे अवलंबून राहील.